अंतराळात मानवी वस्ती

पृथ्वी सोडून माणसानं दुसरीकडे, म्हणजे कक्षेतल्या स्टेशनवर, चंद्रावर नाहीतर मंगळावर राहायला जाणं म्हणजे अंतराळातली मानवी वस्ती. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन पहिल्यांदा वर गेला, १९८४ मध्ये आपले राकेश शर्मा गेले आणि २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला इंटरनॅशनल स्पेस स्टेशनवर राहून आले. हे स्टेशन साधारण ४०० किमीवर आहे, नागपूर ते हैदराबाद सरळ रेषेत मोजलं तर जेवढं भरतं जवळपास तेवढंच, फक्त उभं वर.

तिथे घाम, श्वासातली वाफ, लघवी सगळं गाळून जवळपास ९८ टक्के पाणी परत वापरात आणतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरणाऱ्या नागपूरकराला याचं मोल सांगावं लागत नाही, आणि मला तर या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच वाटते.

मंगळाचं गणित मात्र लय अवघड आहे. जायला ६ ते ९ महिने, निघायचा योग २६ महिन्यांतून एकदा, वजन न पेलल्यानं हाडं महिन्याला १ ते दीड टक्का झिजतात, वरून रेडिएशन. नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या यंत्रानं तिथल्या हवेतून ऑक्सिजन बनवून दाखवला ही खरंच मोठी गोष्ट, पण सगळ्या प्रयोगांचा मिळून १२२ ग्रॅम, आणि एका माणसाला दिवसाला ८०० ग्रॅमच्या वर लागतो.

नागपूरचा यात वाटा आहे बरं का. स्कायरूट कंपनीच्या विक्रम-१ रॉकेटच्या कलाम-१०० या टप्प्याची, म्हणजे इंधन जळून संपलं की रॉकेटपासून सुटणाऱ्या भागाची, चाचणी २०२२ मध्ये इथल्याच सोलार इंडस्ट्रीजच्या केंद्रात झाली.

त्याच वर्षी २ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भातल्या लोकांनी आकाशात जळत जाणारे पट्टे पाहिले, अनेकांना आधी उल्काच वाटली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची सुमारे ३ मीटर व्यासाची रिंग येऊन पडली, ते चिनी रॉकेटचे तुकडे असावेत असं तज्ज्ञ म्हणाले. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार असं काही पडून जमिनीवर नुकसान झालं तर भरपाई रॉकेट सोडणाऱ्या देशानं द्यायची असते. पण वापरून झालेला टप्पा सुखरूप समुद्रात उतरवायचा नियम सगळ्यांनी पाळलाच पाहिजे अशी सक्ती अजून नाही, आणि वस्तीची घाई करण्याआधी ती व्हायला हवी, कारण रिंग गावातल्या मोकळ्या जागेत पडली, घर तिथून लांब नव्हतं.