‘कॅच-२२’च्या मुळाशी असलेली मोहीम

माइक निकोल्सच्या ‘कॅच-२२’ (१९७०) या चित्रपटात एक प्रसंग राहून राहून समोर येतो. बॉम्बफेकी विमानाच्या मागच्या भागात कोवळा स्नोडन जखमी होऊन पडला आहे आणि चित्रपटाचा नायक योसारियन त्याच्यावर वाकला आहे. दर वेळी थोडं जास्त दिसतं. अंगावर काटा आणणारा उलगडा शेवटाकडे होतो.

याचं मूळ खऱ्या युद्धात आहे. मूळ कादंबरीचा लेखक जोसेफ हेलर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बी-२५ विमानांवर बॉम्बार्डियर, म्हणजे नेम धरून बॉम्ब टाकणारा, होता. कॉर्सिका बेटावरून त्याने ६० मोहिमा केल्या. ऑगस्ट १९४४मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्यॉनवरच्या हल्ल्यात त्याच्याच विमानातला गनर (मशीनगन चालवणारा) पायाला जखमी झाला. हेलरने त्याची मलमपट्टी केली, मॉर्फिन टोचलं. तो गनर वाचला. स्नोडन मात्र वाचत नाही. मला कादंबरीचा सगळा जीव या फरकातच दिसतो: जे थोडक्यात टळलं, त्याची धास्ती हेलरच्या मनातून गेलीच नाही. चित्रपटातली स्वप्नासारखी उलटसुलट मांडणी म्हणूनच नुसती करामत वाटत नाही. धसका घेतलेल्या माणसाला आठवतं ते असंच, तुकड्यातुकड्यांनी.

१९५५मध्ये पहिलं प्रकरण ‘कॅच-१८’ या नावाने छापून आलं. लिऑन युरिसची ‘मिला १८’ ही कादंबरी येऊ घातल्याने आकडा बदलला आणि १९६१मध्ये कादंबरी बाजारात आली. तिच्यातला ‘कॅच-२२’ हा नियम असा: वेड्याला उड्डाणातून सूट मिळते, पण ती त्याने स्वतः मागायला हवी, आणि जिवाच्या भीतीने सूट मागतो तो शहाणाच, म्हणजे त्याने उडायलाच हवं. व्हिएतनामला निघालेल्या तरुण पिढीला हा पेच समजावून सांगावा लागला नाही.

पटकथा बक हेन्रीची. १९६९मध्ये मेक्सिकोतल्या ग्वायमासजवळ धावपट्टी बांधून, जुनी बी-२५ विमानं जमवून चित्रीकरण झालं. हवाई दृश्यं टिपताना दुसऱ्या युनिटचा दिग्दर्शक जॉन जॉर्डन विमानातून पडून दगावला. पडद्यावर विमानांचा ताफा एकामागोमाग एक धूळ उडवत झेपावतो, त्या दृश्याला पार्श्वसंगीत नाही. इंजिनांची घरघर पुरते.

जून १९७०मध्ये चित्रपट लागला, तोवर कोरियन युद्धावरच्या ‘मॅश’ या चित्रपटाने प्रेक्षकांना जिंकलं होतं. त्या तुलनेत ‘कॅच-२२’ थंड आणि जड ठरवला गेला. हा त्याच्यावर अन्यायच झाला. ‘मॅश’मधले डॉक्टर चेष्टामस्करी करून ताण हलका करतात; योसारियनला तेवढीही फट मिळत नाही, आणि निकोल्सने ती मुद्दामच ठेवलेली नाही.