अफू डोक्यात नेमकी कुठे बसते?

गेल्या पावसात आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर मॉर्फिन (अफूतूनच निघणारं दुखणं थांबवायचं औषध) दिलं, दुखणं खरंच थांबलं, पण तीन दिवस पोट साफ होईना, नुसती पेज घेतली तरी मळमळायचं आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. ती मला म्हणाली, "अरे, दुखतंय कमरेत, मग ह्या औषधाचं माझ्या पोटात काय काम?"

माझं फोंड्याला मेडिकल आहे, बी.फार्मला ह्याचं उत्तर मी पाठ केलं होतं, पण आईला समजेल असं सांगायला बसलो तेव्हा लक्षात आलं की ही सगळी गोष्ट एका माणसाच्या लॅबभोवती फिरते, सोलोमन स्नायडर, अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला मेंदूचा शास्त्रज्ञ.

तसं अफू काय करते हे आपल्याकडे कधीपासून माहीत आहे. पणजीत चर्च स्क्वेअरजवळच्या बागेला ज्याचं नाव आहे तो पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला, आणि १५६३ मध्ये त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक इथेच छापलं गेलं, त्यात अफूही आहे आणि भांगही. पण ती शरीरात नेमकी कुठे जाऊन हे करते, ते कळायला १९७३ उजाडलं!

स्नायडर १९३८ चा जन्म, वॉशिंग्टनचा. त्याला व्हायचं होतं मानसोपचारतज्ज्ञ, पण मधली दोन वर्षं ज्युलियस अ‍ॅक्सलरॉडच्या लॅबमध्ये काढली (ह्या अ‍ॅक्सलरॉडला पुढे १९७० चं नोबेल मिळालं) आणि तिथे रिसर्चची जी गोडी लागली ती कायमची. एकतिसाव्या वर्षी तो हॉपकिन्सला फुल प्रोफेसर झाला होता. तेव्हा व्हिएतनामहून परतणारे अमेरिकन सैनिक अफूपासूनच बनणाऱ्या हेरॉईनच्या नादी लागलेले, सरकारने १९७१ मध्ये व्यसनांवरच्या रिसर्चसाठी पैसा सोडला, आणि स्नायडरने अफूचा रिसेप्टर शोधायचं काम हातात घेतलं.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरची ठराविक आकाराची खाच असलेलं प्रोटीन, औषधाचा रेणू त्यात बसला की पेशीला निरोप पोचतो. असं काहीतरी असणार हे लोक बरीच वर्षं म्हणत होते, पण दाखवायचं कसं? अडचण अशी की औषध मेंदूत कशालाही चिकटतं, चरबीला, प्रोटीनला, अगदी टेस्टट्यूबच्या काचेलासुद्धा, मग खरी जागा कुठली आणि नुसतं चिकटलेलं कुठलं? इथे स्टॅनफर्डच्या अ‍ॅव्हरम गोल्डस्टीनने एक युक्ती सुचवली होती. अफूच्या जातीच्या काही रेणूंची डावी-उजवी जोडी असते, चपलांसारखी, त्यातला एकच दुखणं थांबवतो. खऱ्या जागेत तोच बसायला हवा, दुसरा नाही.

स्नायडरकडे पीएचडीला आलेली कँडेस पर्ट हे करत होती. ती स्वतः लॅबमध्ये येण्याआधी घोड्यावरून पडून पाठीचं हाड मोडून घेऊन हॉस्पिटलात पडलेली, मॉर्फिनच्या जातीचं औषध घेत, म्हणजे आईने विचारलं ते तिने अंगावर अनुभवलं होतं. पद्धत ऐकाल तर सोलकढीची आठवण येईल. मेंदूचा तुकडा वाटायचा, त्यात रेडिओअ‍ॅक्टिव्ह केलेलं औषध घालायचं, थोडा वेळ ठेवून बारीक फिल्टरवर पटकन ओढून घ्यायचं, वरून गार पाण्याचा हात, आणि रस टाकून देऊन चोथा मोजायचा. चोथ्यात किती रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी उरली, तेवढं औषध खाचेत बसलं. भराभर गाळण्याची ही हातोटी हॉपकिन्समध्येच इन्सुलिनच्या रिसेप्टरवर काम करणाऱ्या पेड्रो क्वात्रेकासासकडून आलेली.

आधी मॉर्फिनच्या भावंडाने ट्राय केलं, महिनोन् महिने काही नाही. पर्टने नंतर लिहिलंय की स्नायडरने हे बंद कर म्हणून सांगितलं होतं, तरी तिने एक शेवटचा डाव खेळला आणि नालोक्सोन वापरलं. नालोक्सोन म्हणजे अफूचा उतारा, खाचेत बसतं पण निरोप देत नाही, आणि बसतं ते घट्ट, धुतलं तरी सुटत नाही. १९७२ च्या ऑक्टोबरात आकडे आले, खाच खरंच आहे हे दिसलं, मार्च १९७३ ला पेपर छापून आला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एरिक सायमन आणि स्वीडनच्या लार्स टेरेनियस ह्यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवलं.

मग नकाशा तयार झाला आणि आईचं उत्तर त्यातच आहे. हे रिसेप्टर वेदनेच्या वाटेवर आहेत, पण मळमळ जिथून उठते तिथेही आहेत, बाहुली आकसते त्या भागातही, श्वास चालवणाऱ्या भागातही, आणि आतड्याच्या भिंतीत तर भरपूर! औषधाला कंबर आणि पोट असा फरक कळत नाही, खाच दिसली की ते बसतं. लूज मोशनला आपण लोपेरामाईड देतो ना, ते ह्याच कुळातलं, फक्त मेंदूत टिकू शकत नाही म्हणून झिंग नाही.

पुढचा प्रश्न साधा होता, अफूसाठी खाच देवाने मेंदूत कशाला ठेवली असेल? १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ ह्यांनी एन्केफॅलिन शोधलं, ह्याच खाचेत बसणारा, मेंदू स्वतः बनवतो तो रेणू. भांगेच्या खाचेत बसणारा आपला स्वतःचा रेणू १९९२ मध्ये सापडला, त्याचं नाव आनंदामाईड, आपल्या संस्कृत 'आनंद'वरून.

ह्या शोधाबद्दल १९७८ चा लास्कर पुरस्कार (वैद्यकीय संशोधनाचा अमेरिकेतला मोठा मान) स्नायडर, ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ तिघांना मिळाला, पर्टचं नाव नव्हतं. मला हे पटत नाही. हात तिचे होते, चिकाटी तिची होती, आणि तिने तेव्हा उघड तक्रार केली ती योग्यच केली.

पण स्नायडरचं मोठेपण त्यामुळे कमी होत नाही कारण तो एका खाचेवर थांबला नाही. १९७६ मध्ये त्याच्या लॅबने स्किझोफ्रेनियाची (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराची) औषधं घेतली. हॅलोपेरिडॉल काही मिलिग्रॅममध्ये काम करतं, क्लोरप्रोमाझिन शेकड्यांनी द्यावं लागतं. का? दोन्ही डोपामिनच्या (मेंदूतला निरोप पोचवणारा एक रेणू) खाचेत किती घट्ट बसतात ते मोजलं तर पेशंटला लागणारा डोस आणि ती पकड अगदी जुळली. मला ह्या कामाचं सगळ्यात जास्त कौतुक आहे, कारण त्याने नवी औषधं शोधायची रीतच बदलली. आधी नव्या रेणूची पहिली पारख प्राण्यांवर व्हायची, मग चिमूटभर पावडर आणि वाटलेला मेंदू पुरायला लागला, आणि कुठल्या खाचेत बसल्याने कुठला साइड इफेक्ट येणार हेसुद्धा आधीच दिसायला लागलं.

आईच्या पोटाचं उत्तरही कुणीतरी शोधून ठेवलंय. नालोक्सोनच्या नात्यातला एक रेणू घेऊन त्याला कायमचा विद्युतभार दिला की तो मेंदूत सहज शिरत नाही, मग आतड्यातल्या खाचेतून तो मॉर्फिनला हुसकावतो आणि डोक्यातल्या खाचेला हात लावत नाही. त्याचं नाव मिथाइलनाल्ट्रेक्सोन, अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली. आईला ते लागलं नाही, चौथ्या दिवशी मॉर्फिन बंद झालं आणि संध्याकाळी तिने पेजेबरोबर करमलांचं लोणचं मागितलं.