यंत्रवाचन (गोव्यातील मराठी दस्तऐवज)

छापील किंवा हस्तलिखित पानाच्या छायाचित्रातून संगणकाने अक्षरे ओळखणे, मजकुराची भाषा ठरवणे आणि तो मजकूर शोधता येईल असा करणे, या सगळ्या कामाला मिळून यंत्रवाचन म्हणतात. माहितीशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची सध्या सर्वांत जवळून गाठ पडते ती इथेच. गोव्यात या विषयाला वेगळे वजन आहे, कारण इथली मराठी एका लिपीत मावत नाही. जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण हे काव्य १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. त्याची भाषा मराठी, पण लिपी रोमन आणि वर्णलेखन पोर्तुगीज वळणाचे. पत्रव्यवहाराची भिस्त मोडीवर होती, तर गावकऱ्यांच्या, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदाद संस्थांच्या, जुन्या नोंदींत गोयकानडी ही लिपी आढळते. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पासूनची आहे. कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचे मूळ १८३२ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. नुसते स्कॅन करून ठेवलेले पान म्हणजे अशा संग्रहाचा फोटो. त्यातला शब्द हुडकता आला नाही तर वाचकाला पुन्हा पहिल्या पानापासूनच उलटत बसावे लागते.

पूर्वीची अक्षरओळख एकेक अक्षर सुटे काढून नमुन्याशी ताडून बघत असे. देवनागरीत शिरोरेषेने सगळा शब्द बांधलेला असतो, त्यामुळे आधी रेषा पुसा, मग अक्षरे तोडा, असा तो खटाटोप होता आणि जोडाक्षरांपाशी तो हमखास फसे. ‘टेसरॅक्ट’ ही अक्षरओळखीची आज सर्रास वापरली जाणारी मुक्त प्रणाली, ही पद्धत कशी बदलली ते नेमके दाखवते. ह्युलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात ती घडली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ती न्यूरल जाळ्याच्या, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती रचनेच्या, आधारे अख्खी ओळ एका दमात वाचते. २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर ही अशा जाळ्याची नवी रचना आली आणि चित्र व भाषा एकत्र हाताळणारी प्रारूपे (मॉडेल्स) त्यातून उभी राहिली. ती ओळीच्याही पुढे जाऊन संदर्भावरून शब्दाचा अंदाज बांधतात. शाई उडालेले अक्षर त्यांना ओळखता येते ते यामुळेच.

गोव्याच्या कागदांवर मात्र हाच गुण उलटतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले आणि अनुच्चारित अनुस्वार गळाले. त्याआधीच्या छपाईत ‘घरांत’, ‘केलें’, ‘त्यांनीं’ अशीच रूपे दिसतात. आजच्या मजकुरावर पोसलेले प्रारूप ‘केलें’ पाहते आणि ‘केले’ असे लिहून मोकळे होते. पान वाचले गेले असे वाटते, प्रत्यक्षात ते दुरुस्त झालेले असते. चुकलेले अक्षर निदान डोळ्याला खटकते. असे गुपचूप सुधारलेले अक्षर खटकत नाही, म्हणून प्रस्तुत लेखकाला ते जास्त घातक वाटते.

दुसरा घोटाळा भाषा ओळखण्यातला. कोकणीही देवनागरीत लिहितात आणि ‘केलें’, ‘घरांत’ ही रूपे आजच्या कोकणीत जिवंत आहेत. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची मराठी यंत्राला कोकणी वाटू शकते. माणूस ‘आहे’ की ‘आसा’, ‘आणि’ की ‘आनी’ एवढे पाहून क्षणात निवाडा करतो. यंत्रालाही हेच शिकवावे लागते, आणि तेही जुन्या मराठीचे नमुने समोर ठेवून. दोन्ही भाषा घराघरांत एकत्र नांदतात अशा प्रदेशात एकीची पुस्तके दुसरीच्या खात्यात पडणे ही किरकोळ चूक नव्हे.

मोडीची अडचण निराळी. शिरोरेषा आधी आखून घेतात आणि लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकवत जातात. दोन शब्दांत मोकळी जागा नसते, ह्रस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. म्हणजे शब्द कुठे संपला हे अर्थ कळल्याशिवाय ठरत नाही. २०१४ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे संगणकातील अक्षरांच्या जागतिक प्रमाणसंचाच्या, सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र जागा मिळाल्यामुळे वाचलेला मजकूर मोडीतच साठवण्याची सोय झाली. गोयकानडीला तशी जागा नाही. शिवाय यंत्राला शिकवायचे तर पान आणि त्याचे अचूक लिप्यंतर अशा जोड्या लागतात, आणि त्या तयार करणारे हात जाणकार मोडीवाचकांचेच असतात.

वाचन झाले तरी शोध लागेलच असे नाही. डिचोलीचा कागद पोर्तुगीज दप्तरात ‘बिशोलीं’ या नावाखाली असतो, पेडण्याचा ‘पेर्नें’खाली आणि साखळीचा ‘सांकेलीं’खाली. पणजी तर १८४३ पासून सरकारी कागदांत ‘नोवा गोवा’ होती. अक्षरे जुळवणारा शोध इथे लंगडा पडतो. अर्थ जुळवणारा नवा शोधही, ही नावे एकाच गावाची आहेत असे कुणी बांधून दिले नसेल, तर भरवशाचा राहत नाही. एका गावाची किंवा व्यक्तीची सगळी नावे एका नोंदीखाली आणणे हे ग्रंथपालांचे जुनेच काम. त्याला प्रमाणनाम सूची म्हणतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटासारख्या खुल्या कोशांत प्रत्येक गावाला एक क्रमांक देऊन त्याखाली अनेक भाषांतली नावे जोडतात. नव्या शोधयंत्रांना हा जोडकोश फार उपयोगी पडतो.

अनुवादाच्या बाजूने मे २०२२ मध्ये गूगल ट्रान्सलेटमध्ये कोकणीची भर पडली आणि त्याच वर्षी केंद्र सरकारचा भारतीय भाषांतील अनुवादाचा ‘भाषिणी’ उपक्रम सुरू झाला. त्यांचा रोख मुख्यतः आजच्या भाषेवर आहे.

प्रश्न विचारला की संग्रहातली पाने आधी शोधायची आणि त्यांच्याच आधारे उत्तर रचायचे, ही पद्धत २०२० नंतर रूढ होत आहे. स्मरणावर विसंबणारे प्रारूप नसलेला दाखला ठासून सांगू शकते, या पद्धतीत निदान पान उघडून ताडता येते. पण ते पानच ‘सुधारून’ वाचलेले असेल तर उत्तरही तसेच येणार. म्हणून चांगल्या अंकीय संग्रहात वाचलेल्या प्रत्येक शब्दासोबत त्याची पानावरची जागा, डावीकडून किती आणि वरून किती, आकड्यांत साठवतात. वाचकाने ‘घरात’ या शब्दावर बोट ठेवले की मूळ पानाचा तेवढाच तुकडा मोठा होऊन समोर येतो आणि ‘रां’वरचा अनुस्वार दिसतो.