ग्राहकाच्या उत्तरात दडलेला मतदार

जून २०२२ मध्ये अमेरिकेत बेरोजगारी जेमतेम ३.६ टक्के होती आणि महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती. त्याच महिन्यात मिशिगन विद्यापीठाचा ग्राहक भावना निर्देशांक ५०वर घसरला. इतका खाली तो त्याआधी कधीच आला नव्हता. तरी लोकांनी खर्चाला कात्री लावली नाही. लोक खोटं बोलत होते असं नाही, पण या आकड्यात नेमकं काय मोजलं जातं ते आधी पाहायला हवं.

दर महिन्याला पाच प्रश्न विचारतात. वर्षभरापूर्वीच्या तुलनेत घरची आर्थिक स्थिती कशी आहे? वर्षभराने कशी असेल? देशातला धंदा-व्यवसाय येत्या वर्षात कसा चालेल? आणि येत्या पाच वर्षांत? फर्निचर, फ्रिज, टीव्ही अशा मोठ्या वस्तू घ्यायला सध्याचा काळ चांगला आहे का? प्रत्येक प्रश्नात अनुकूल उत्तरांच्या टक्केवारीतून प्रतिकूल उत्तरांची टक्केवारी वजा करून त्यात १०० मिळवतात. पाचही गुणांची बेरीज ६.७५५८ने भागतात आणि वर २ मिळवतात. तो भाजक १९६६ सालच्या पातळीवरून आलेला आहे.

आता समजा, प्रत्येकाने पाचही प्रश्नांना ‘फरक नाही’ असंच सांगितलं. बेरीज ५००, निर्देशांक ७६. म्हणजे तटस्थ मन ७६वर असतं, १००वर नाही. बातम्यांत हे क्वचितच सांगितलं जातं. निर्देशांक ५० याचा अर्थ प्रत्येक प्रश्नात प्रतिकूल उत्तरं अनुकूल उत्तरांपेक्षा सरासरी ३५ टक्क्यांनी जास्त.

शिवाय पाचपैकी दोन प्रश्न थेट देशाबद्दल आहेत, आणि तिथे ग्राहकाच्या तोंडून मतदार बोलू लागतो. नोव्हेंबर २०१६ आणि नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकांनंतर रिपब्लिकन समर्थकांचा निर्देशांक झपाट्याने चढला, डेमोक्रॅट समर्थकांचा पडला. २०२०च्या निवडणुकीनंतर उलट झालं. नव्या अध्यक्षाचा शपथविधी जानेवारीत होतो. तोवर पगार, भाडं, पेट्रोलचा भाव यांत असा काय मोठा फरक पडणार? बदललं होतं ते कोण जिंकलं एवढंच.

म्हणून नमुन्यात कोणत्या पक्षाचे किती लोक आले याला फार महत्त्व आहे. हा तोल भारांकनाने सावरतात. समजा, लोकसंख्येत पदवीधर ३५ टक्के आहेत, पण उत्तरं देणाऱ्यांत ५० टक्के निघाले. मग प्रत्येक पदवीधराचं उत्तर ०.७ धरायचं, इतरांचं १.३. याची किंमतही मोजावी लागते: १,००० जणांच्या नमुन्याची ताकद सुमारे ९१७ जणांइतकीच उरते. २०१६ मध्ये अनेक राज्यांतल्या निवडणूकपूर्व जनमत चाचण्यांनी शिक्षणाचं भारांकन केलंच नव्हतं, आणि पदवीधर तर चाचणीला जास्त उत्साहाने उत्तर देतात. ट्रम्प यांचा पाठिंबा तिथे कमी दिसला. २०२०पर्यंत बहुतेकांनी ही चूक सुधारली होती, तरी त्या वर्षीची चूक ४० वर्षांतली सर्वांत मोठी ठरली. एकाच शिक्षणाच्या दोन मतदारांपैकी एकाच पक्षाचा माणूस फोन उचलत नसेल, तर शिक्षणाचं वजन लावून तो सापडत नाही. टेलिफोन चाचण्यांचा प्रतिसाद १९९७ मधल्या ३६ टक्क्यांवरून २०१८ मध्ये ६ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे हा धोका मोठाच आहे.

आमच्या मते अमेरिकी ग्राहकाचा कल बघायचा तर एकूण निर्देशांकाआधी अपक्ष, म्हणजे कोणत्याच पक्षाचे समर्थक नसलेल्या, उत्तरदात्यांचा आलेख पाहावा. सत्ताबदलाने तो इतका उलटापालटा होत नाही. अडचण आहे ती संख्येची. ९०० जणांत अपक्ष ३०० असतील, तर त्यांच्या टक्केवारीची त्रुटीमर्यादा, म्हणजे खरा आकडा किती वर-खाली असू शकतो ती मर्यादा, ±५.७ होते. एका महिन्याच्या तीन-चार टक्क्यांच्या हालचालीला तिथे काहीच अर्थ नसतो. सलग तीन महिन्यांची सरासरी घेतली की ती मर्यादा ±३.३वर येते.