जपानमधल्या हायस्कूलच्या मुलांना बाहेरच्या युनिव्हर्सिटीत जायचं तर काय काय लागतं

इथे टोकियोत मुलं हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे अकरावीला) आली की घरात जुकू, म्हणजे खासगी क्लास, आणि जानेवारीतली क्योत्सू टेस्ट, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाची देशभरातली सामायिक परीक्षा, सोडून दुसरा विषयच नसतो, बाहेरच्या देशात जाऊन पूर्ण डिग्री करता येते हे कित्येक मुलांना कुणी सांगतच नाही. सरकारचं टार्गेट २०३३ पर्यंत ५ लाख जपानी मुलं बाहेर शिकायला पाठवायचं आहे, पण शाळेत माहिती मिळत नाही, म्हणून लिहितेय. टोकियोच्या निशिकासाई भागातली आपली जी मराठी मुलं जपानी शाळेत आहेत त्यांनाही हे लागू आहे.

आधी मार्क. प्रत्येक विषयाला १ ते ५ ग्रेड असतो, त्याची सरासरी म्हणजे ह्योतेई हेइकिन, आणि ती पहिल्या वर्षापासून धरतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षी जाग आली तर मागचे ग्रेड काही बदलत नाहीत. जास्सोची (जपानच्या सरकारी विद्यार्थी-मदत संस्थेची) बाहेरच्या डिग्रीसाठीची स्कॉलरशिप आहे, परत फेडायची नसते, तिला ही सरासरी निदान ३.७ लागते, शिवाय इंग्लिश टेस्टचा स्कोअर आणि घरच्या उत्पन्नाची अट. अर्ज जपानी नागरिक किंवा पर्मनंट रेसिडेंट असेल तरच करता येतो, आईबाबांच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट असलेल्या मुलांना नाही, हे आधीच बघून घ्या.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ शाळेच्या इंग्लिश मार्कशीटला आणि शिफारसपत्राला जातो. आमच्या शेजारच्या मुलीच्या सरांनी इंग्लिशमध्ये शिफारसपत्र आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं, 'कोतेन' (जुनं जपानी साहित्य) विषयाला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं यावर दोघं स्टाफरूममध्ये अर्धा तास बसले होते. मार्कशीटचं पाकीट बंद करून जोडावर शिक्का मारून देतात, ते घरी उघडायचं नाही, तिच्या आईने बघायला म्हणून उघडलं आणि परत नवीन काढावं लागलं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच सरांना सांगून ठेवा.

अमेरिकेसाठी कॉमन अ‍ॅप या ऑनलाइन अर्जाच्या साइटवर एका अर्जात २० कॉलेजं निवडता येतात, मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंत, बऱ्याच ठिकाणी लवकरची तारीख १ नोव्हेंबर आणि नेहमीची जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे क्योत्सूच्या अगदी तोंडावर, दोन्ही करायचं असेल तर निबंध ऑक्टोबरमध्येच संपवा. ब्रिटनला यूकास या तिकडच्या अर्जाच्या साइटवर ५ कोर्सेस निवडता येतात, ऑक्सफर्ड-केंब्रिजची तारीख १५ ऑक्टोबर. पण जपानमध्ये शाळा १२ वर्षांची, म्हणजे ब्रिटनपेक्षा एक वर्ष कमी असल्यामुळे तिकडच्या बऱ्याच युनिव्हर्सिटी आधी एक वर्ष फाउंडेशन, म्हणजे डिग्रीआधीचा तयारीचा कोर्स, करायला सांगतात, त्याचा खर्च धरूनच हिशोब करा. शाळा मार्चमध्ये संपते, तिकडे ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं, हे मधले महिने व्हिसासाठी पुरतात. अमेरिकेच्या व्हिसाला कॉलेजकडून आलेला आय-२० (प्रवेश मिळाल्याचा फॉर्म), ३५० डॉलर सेविस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची), डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म आणि पैसे दाखवणारं बँकेचं पत्र लागतं.

आणि मुलं पर्मनंट रेसिडेंट असतील तर हे नीट वाचा. एअरपोर्टवर फॉर्मवर खूण करून जी रीएंट्री, म्हणजे जपानमध्ये परत यायची परवानगी, मिळते ती एकच वर्ष चालते, वर्ष उलटलं की पर्मनंट रेसिडेन्सीच जाते. चार वर्षांसाठी जाताय तर इमिग्रेशन ऑफिसमध्ये जाऊन रीएंट्री परमिट काढा, ५ वर्षांपर्यंतचं मिळतं, पण ते जपान सोडायच्या आधीच काढावं लागतं.