आईला होता म्हणजे मलाही होणार का? पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणि आपले जीन्स

माझ्या मैत्रिणीच्या आईला पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला, तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, आता मलाही होणार का गं? आणि तिच्या जावा म्हणतात, आमच्या माहेरी कुणालाच नाही, आम्हाला कसली भीती. दोन्हीकडे गैरसमज आहे.

हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो. जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये याचा १६ नंबरचा प्रकार या कॅन्सरच्या गाठीत शोधला, २००८ ला त्यांना नोबेल मिळालं. १६ आणि १८ हे दोनच प्रकार मिळून साधारण ७० टक्के केसेस होतात. शरीरसंबंधातून येणारा हा व्हायरस इतका कॉमन आहे की बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातोच, त्यावरून कुणाच्या चारित्र्याबद्दल बोलू नका प्लीज. आणि दहातल्या नऊ जणींचं शरीर त्याला दोनेक वर्षांत हाकलून लावतं.

मग दहाव्या बाईच्या अंगात तो ठाण मांडून का बसतो? तंबाखू, एचआयव्ही अशी कारणं आहेतच, पण थोडा वाटा जीन्सचाही, म्हणजे जनुकांचाही आहे. आपल्या सहाव्या क्रोमोसोमवर, म्हणजे गुणसूत्रावर, एचएलए नावाचा जीन्सचा गट असतो. त्यांच्यापासून जे प्रोटीन बनतं त्याला एक खाच असते, पेशी व्हायरसचे बारीक तुकडे त्या खाचेत बसवून बाहेरच्या अंगाला मांडून ठेवते, आणि गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशींना ते दिसलं की त्या तुटून पडतात. आता ही खाच प्रत्येकाची वेगळी, कुणाच्यात तुकडा घट्ट बसतो, कुणाच्यात सैल, आणि सैल बसला की व्हायरसचं फावतं. याच गटातल्या डीआरबी१ जीनचा १३ नंबरचा प्रकार असलेल्या बायकांना धोका कमी, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

स्वीडनमधल्या नोंदींवरून १९९९ मध्ये एक अभ्यास आला, मला तो फार आवडतो. सख्ख्या बहिणीला हा आजार असेल तर धोका जवळपास दुप्पट, पण दत्तक आईला असेल तर विशेष वाढ नाही, म्हणजे एका घरात राहून जेवूनखाऊन नाही, रक्तातूनच काहीतरी येतं. पण एकाच जीनवर सगळं खापर फोडता येत नाही. व्हायरसचं ई६ प्रोटीन आपल्या पी५३ या राखणदार प्रोटीनचा फडशा पाडतं, म्हणून १९९८ मध्ये पी५३ चा एक प्रकार असेल तर धोका सातपट असा दावा झाला होता, पुढच्या कित्येक अभ्यासांत तो टिकला नाही.

आणि दुप्पट म्हणजे होणारच असं नाही, व्हायरसच टिकला नाही तर जीन्स एकटे काय करणार? उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला, २००९ ला छापून आला. ज्या गटाला फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट आणि गरज पडली तिथे उपचार मिळाले, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. कुणाच्या माहेरी काय होतं हे बघून टेस्ट केली नव्हती.

मैत्रिणीने टेस्ट करून घेतली, दोन जावांनाही सोबत नेलं. मुलगी अकराची आहे, तिला एचपीव्हीच्या लसीचे दोन डोस द्यायचं ठरलंय.