'ऑस्ट्रेलिया टू' आणि १९८३चा अमेरिका कप

'अमेरिका' नावाच्या शिडाच्या जहाजाने १८५१ साली इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटभोवतीची शर्यत जिंकली. त्या शर्यतीचे करंडक, म्हणजेच अमेरिका कप, पुढे न्यूयॉर्क यॉट क्लबकडे आले आणि २४ आव्हाने परतवत १३२ वर्षे तिथेच राहिले. पर्थचे उद्योगपती ॲलन बाँड १९७४, १९७७ आणि १९८० असे तीनदा हात हलवत परतले होते. चौथ्या खेपेला त्यांनी बेन लेक्सेन यांच्याकडून 'ऑस्ट्रेलिया टू' बनवून घेतली.

तेव्हा शर्यत '१२ मीटर' वर्गाच्या बोटींची असे. हे १२ मीटर म्हणजे बोटीची लांबी नव्हे. लांबी, शिडाचे क्षेत्रफळ वगैरे मापे एका सूत्रात घालून येणारे उत्तर १२च्या आत ठेवायचे असते. शीड वाढवले तर लांबीला कात्री लागते. लेक्सेन यांनी बोट आखूड आणि हलकी ठेवली, त्यामुळे ती चटकन वळे. पण हलकी बोट वाऱ्याने कलंडते. म्हणून त्यांनी कील, म्हणजे बुडाखालचे पाण्यात उभे राहणारे वजनदार पाते, उलटी केली, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद, आणि तळाला दोन्ही बाजूंनी शिशाचे पंख लावले. वजन खाली गेल्याने बोटीला स्थैर्य आले. बोट कलली की खालच्या बाजूचा पंख आणखी खोल जातो आणि बोट आडवी घसरत नाही. खोलीचे माप मात्र बोट सरळ उभी असताना घेतात, त्यामुळे या जादा खोलीचा दंड बसत नाही. चाचण्या नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या पाण्याच्या चाचणी-टाकीत झाल्या. त्यावरूनच, ही रचना खरोखर ऑस्ट्रेलियनांची का, असा वाद यॉट क्लबने उकरून काढला, पण तो टिकला नाही. कील कुणाला दिसू नये म्हणून, शर्यती जिथे होत त्या अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या धक्क्यावर बोटीचे बूड हिरव्या कापडाआड झाकलेले असे.

सातपैकी चार शर्यती जिंकायच्या होत्या. पहिल्या शर्यतीत 'ऑस्ट्रेलिया टू'च्या सुकाणूची यंत्रणा मोडली. दुसरी सुरू होण्याआधीच मोठ्या शिडाचे वरच्या टोकाचे जोडकाम निखळले. दोन्ही गेल्या. तिसरी जिंकली, चौथी हरली आणि अमेरिकन कप्तान डेनिस कॉनर यांची 'लिबर्टी' ३-१ अशी पुढे गेली. पाचव्या शर्यतीत मोडतोड 'लिबर्टी'च्या वाट्याला आली. सहावीही ऑस्ट्रेलियाने घेतली, ३-३.

२६ सप्टेंबरची सातवी शर्यत कीलने जिंकून दिली असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे. पाचव्या टप्प्याच्या आरंभी 'लिबर्टी' सुमारे एक मिनिट पुढे होती, आणि हा टप्पा पाठवाऱ्याचा. त्यात बोट फारशी कलत नाही, म्हणजे पंखांचे मुख्य काम तिथे नसतेच. कॉनर एका बाजूला गेले, कप्तान जॉन बर्ट्रंड यांनी दुसरी बाजू धरली आणि तिथे वारा बरा मिळाला. हलकी बोट पुढे सरकली. शेवटच्या टप्प्यात वाऱ्याच्या तोंडावर कॉनर यांनी ४०हून अधिक वेळा बोट फिरवून पाहिली, पण चपळ प्रतिस्पर्ध्याने दर वेळी वाट अडवली. कील कामाला आली ती इथे. अंतर ४१ सेकंदांचे.

पर्थमध्ये तेव्हा पहाट होती. जो मालक आज कामावर न आलेल्याला काढून टाकील तो नालायक, अशा अर्थाचे ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान बॉब हॉक यांचे वाक्य आजही उद्धृत होते.

करंडक ऑस्ट्रेलियात चारच वर्षे टिकले. १९८७ साली फ्रीमँटलच्या जोरदार वाऱ्यात कॉनर यांच्या 'स्टार्स अँड स्ट्राइप्स'ने ऑस्ट्रेलियाच्या 'कुकाबरा थ्री'ला ४-० हरवले. तोवर पंखवाली कील सगळ्यांकडेच आली होती.